नाक्यावरचा पांढरा कोट

शिवदासला पोटात गोष्ट ठेवणं कधी जमलंच नाही. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल पाहून नीलम म्हणाली, "पप्पा, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या वर आहेत मार्क," आणि हा गडी पायात चप्पल सरकवून थेट राजारामकडे. घाटकोपरच्या त्या टेकडीवरच्या वस्तीत वाढदिवस असो की निकाल, नाक्यावर फ्लेक्स लावायचा तो राजारामनेच. त्याने नीलमचा पासपोर्ट फोटो घेतला, कॉम्प्युटरवर मानेखाली कुणाचा तरी पांढरा कोट चिकटवला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला. वर मोठ्या अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन', खाली 'मेडिकलला प्रवेश मिळाल्याबद्दल'. प्रवेश अजून व्हायचा होता. पण एवढ्याशा गोष्टीसाठी राजारामही थांबत नाही आणि शिवदास तर नाहीच नाही.

यंदा कटऑफ वर सरकला. प्रवेशाची एकेक फेरी झाली, शेवटचीही झाली, नीलमचं नाव कुठेच लागलं नाही. खाजगी कॉलेजचा विषय घरात कुणी काढलासुद्धा नाही.

नीलम रडली, जेवली नाही, मग जेवली. पण बाहेर पडायचं तर बुद्धविहारामागच्या बोळातून जायची, कारण नाक्यावर तीच कोट घालून हसत उभी होती. सीट गेल्याचं दुःख शिवदासला होतंच, पण पोरीवर तोंड लपवायची पाळी आपण आणली, हे त्याला जास्त खात होतं.

रविवारी सकाळी त्याने लिफ्टदुरुस्तीच्या कामाची शिडी उचलली, पक्कड खिशात घातली आणि नाका गाठला. पहिली तार सुटते न सुटते तोच शेजारच्या सुगंधाबाई दुधाची पिशवी घेऊन खाली थांबल्या.

"काय हो शिवदासभाऊ, डॉक्टरीणबाईंना कुठे नेताय?"

"फाटलाय जरा," शिवदास म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर तो शिवदास कसला! "नवीन लावतोय. याच्याहून मोठा."

"मोठा?" समोरच्या टपरीवरून राजाराम चहाचा ग्लास घेऊन उठला. "मला नाय बोललास ते?"

घरात शिडी दिसेना तेव्हाच नीलम काय ते समजली होती. आज ती बोळातून नाही, सरळ रस्त्याने धावत आली आणि शिडीखाली उभी राहिली.

"पप्पा, खोटं कशाला बोलताय?" मग ती वळली. "काकू, मला सीट नाही मिळाली. कटऑफ वर गेला, मी खाली राहिले. अभ्यास केला होता मी. कमी पडला."

तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. शिवदासला शिडीवरून खाली बघवेना.

"तू घरी जा बाळा, मी उतरवतो हा."

"उतरवू नका. चेहरा माझा आहे, राहू दे. कोट माझा नाही ना, तेवढा कापा."

तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. राजारामने फ्लेक्स कापायचा कटर आणून दिला. शिवदासने मानेखालून फ्लेक्स कापत नेला, तसा कोट, स्टेथोस्कोप आणि खालची ओळ रस्त्यावर गळून पडली. वर नीलमचा चेहरा उरला आणि 'हार्दिक अभिनंदन'.

"अरे पण शिवदास," राजारामने डोकं खाजवलं, "आता अभिनंदन कशाबद्दल? लोक मलाच विचारतील ना."

शिवदास तार पुन्हा आवळत होता. डोळे भरले होते, आवाज मात्र सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असा लागला.

"कशाबद्दल काय विचारतोस? बाप शिडीवर चढून खोटं बोलत होता आणि पोरगी चारचौघांत उभी राहून खरं बोलली. लोकांना माझ्याकडे पाठव, मी सांगतो."

सोमवारी नीलम नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करायला निघाली, ती नाक्यावरूनच. शिवदास दोन पावलं पुढे चालत होता आणि भेटेल त्याला, कुणी विचारलेलं नसताना, वरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवून सांगत होता, "आमची नीलम."