डोळे शेवटी

प्लेगच्या साली पालीच्या रानातल्या झोपडीत त्रिंबक गेला, आणि सरकारी हुकमानं त्याचं अंथरूण, कपडे, पेटी, सगळं जाळण्यात आलं. पेटीत त्याचा फोटो होता. वर्ष सरलं तेव्हा त्याची बायको सत्यभामा धाकट्या दिराला, गहिनीनाथाला, म्हणाली, "भावजी, त्यांचं नाक आठवतं. कपाळावरचा वण आठवतो. समदं एका जागी येत न्हाई."

त्या फोटोची एक मोठी प्रत माजलगावच्या सुंदररावांकडे होती. या जमीनदारांनी हैदराबादेहून चित्राच्या लाकडी तुकड्यांची एक विलायती पेटी आणली होती आणि साऱ्या मुलखाला त्या खेळाचं वेड लावलं होतं. दरसाल नारायणगडाच्या जत्रेत त्यांचा चित्रजोडीचा डाव होई. त्रिंबक तो दरसाल जिंकी. फोटोही अशाच एका विजयानंतर त्यांनीच काढवला होता.

गहिनीनाथ तो मागायला गेला. सुंदररावांनी त्याला शेजारी बसवलं, पान दिलं, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की फोटो सागाच्या फळीवर चिकटवून धुळाजी सुताराकडे कापायला गेला आहे; यंदाचा डाव त्रिंबकच्याच चित्राचा. गेलेल्या माणसाचा याहून मोठा मान त्यांना सुचला नव्हता. चित्र जिंकणाऱ्याचं, हा नियम मात्र ते सोडेनात. "फुकट दिला तर त्याचाच अपमान हाय. डावाला बसा. जिंकून न्या."

चित्र एकच असे आणि खेळणारे दोघे पाळीपाळीनं बसत. एकजण जोडत असताना दुसऱ्यानं पाठ करून बसायचं. वेळ घटिकापात्रावर मोजत. लग्नमुहूर्ताला असते तीच तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, बुडाली की पुन्हा सोडायची. जोडलेलं चित्र जोडणाऱ्यानंच मोडून द्यायचं. न मोडलं तर त्याचा डाव बाद.

धुळाजीचा एक दंडक होता. देव असो वा माणूस, डोळ्यावर करवत चालवायची नाही. त्यामुळे प्रत्येक चित्रात डोळ्यांचे तुकडे अखंड सापडत, आणि सगळे तिथूनच सुरुवात करत. एकटा त्रिंबक डोळे बाजूला काढून ठेवी. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, एवढंच तो म्हणे.

जत्रेत चिंचेखाली सतरंजी पसरली. समोर बीडचा उत्तरेश्वर होता, त्रिंबककडून कायम हरलेला. चित्र कुणाचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कावून बे," तो हसत म्हणाला, "थोरल्याचं बोट धरून आलास का?"

"व्हय," गहिनीनाथ म्हणाला. लोक हसले.

पहिली पाळी गहिनीनाथाची. तुकडे ओतले गेले आणि उन्हात भाऊ विखुरला. एका तुकड्यावर कानाची पाळी, एकावर बंडीचं बटण, एकावर नुसती सावली. डोळे त्यानं गुडघ्याखाली दाबून ठेवले. बोटं चालू लागली, पण ती आपली आहेत असं त्याला वाटेना; आपल्या मनगटाआडून दुसरं कुणी घाई न करता तुकडे उचलत आहे आणि आपण केवळ हात उसना दिला आहे, असा भास त्याला होत राहिला. शेवटी डोळे बसले. त्रिंबक पाहू लागला. गर्दीतलं हसू विझलं.

आता मोडायचं होतं.

फळी उन्हानं तापली होती. कपाळावर तळहात ठेवला तेव्हा ती ऊब त्याला ओळखीची वाटली. तापात फणफणलेलं ते कपाळ याच हातानं चाचपलं होतं. चितेला अग्नी देताना फिरवली होती तशी त्यानं मान फिरवली, आणि हात ओढून चित्र विस्कटलं.

उत्तरेश्वर वळून बसला. सवयीनं त्यानं आधी डोळे शोधले आणि सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले. तिथंच तो फसला. चेहरा नव्हता, फक्त पाहणं होतं. तो तुकडा उचली आणि नजर त्या डोळ्यांकडे जाई. तुकडा चुके, पुन्हा चुके. वाटी बुडाली, सोडली, पुन्हा बुडाली. गहिनीनाथाची वेळ उलटून गेल्यावरही चेहरा अर्धा होता. उत्तरेश्वर हातातला तुकडा खाली ठेवून म्हणाला, "घेऊन जा बे ह्याला. लई बघतोय."

घरी दिवसाउजेडी, ओसरीवर, गहिनीनाथानं चित्र जोडलं. सत्यभामा खांबाला टेकून बघत होती. डोळे बसले तशी ती जवळ आली. बराच वेळ तिनं पाहिलं आणि हे तेच का, असं विचारलं. तेच, असं त्यानं सांगितलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा.

पुढं ती रोज चित्रासमोरून जाई, थांबत नसे. एकदा ज्वारी पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं.

"भावजी, नाक आठवायचं ना मला? आता ते बी ह्याचंच आठवतं. वण बी ह्याचाच." ती दाण्यांकडे बघत होती. "फोटूत ओठ मिटल्यालेत. ते हसायचे की. कसे हसायचे, सांगा."

गहिनीनाथानं सांगायला तोंड उघडलं. लहानपणापासून ऐकलेलं ते हसू त्यानं आठवून पाहिलं, विहिरीवर, बैलांमागं, जत्रेत, झोपडीतल्या शेवटच्या दुपारी. सगळीकडे ओठ मिटलेला तोच माणूस उभा होता, आणि पाहत होता.

सत्यभामा सूप मांडीवर धरून त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली.