नाताळची आंबील

सुवार्ताबाईंच्या घरी नाताळ म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे शांतवनराव. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस या माणसाला साखरेचा डबा कोणता ते सांगता येत नाही. पण पंचवीस डिसेंबरला चर्चमधून घरी आले, की रेल्वेतून रिटायर झालेले हे गृहस्थ खांद्यावर पंचा टाकून पातेल्यापुढे असे उभे राहतात, की मुदखेड जंक्शनच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच झेंडीची वाट बघत असाव्यात. म्हणून वीस तारखेला करंज्या लाटता लाटता सुवार्ताबाई म्हणाल्या, "यंदा मटण न्हाई," तेव्हा ते घाबरलेच.

"का गं? कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई. यंदा नाताळ अन् येळवस एकाच दिवशी हाय. आपण डबे भरायचे अन् निलंग्याला अप्पांच्या शेतात जाऊन जेवायचं."

शांतवनराव पाटावर बसले ते बसलेच. अप्पा म्हणजे मडिवाळप्पा, त्यांचे व्याही. निलंग्यात किराण्याचं दुकान, गावाबाहेर शेत, गळ्यात लिंग, आणि एकुलती एक लेक शिवानी. लातूरच्या कॉलेजात शिकताना शिवानीनं सुवार्ताबाईंचा इमान्वेल पसंत केला आणि नांदेडला येऊन रजिस्टर लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दिवसापासून अप्पा लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. शिवानीचा फोन चुकून त्यांनी उचललाच, तर आवाज ऐकून ते फोन तसाच बाजेवर ठेवायचे आणि बायकोला हाक मारायला निघून जायचे. बायको गंगम्मा येईपर्यंत शिवानी इकडे "अप्पा, अप्पा" करत राहायची.

सून तोंडानं कधी काही बोलली नाही. पण दोन्ही दिवाळ्यांना ती सकाळीच किलोभर कांदा घेऊन बसली आणि कुणी मागितलेला नसताना सगळा चिरला. सुवार्ताबाई दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. कांद्याचे डोळे कोणते आणि रडण्याचे कोणते, हे त्यांना कळत होतं. तिसऱ्या दिवाळीला हा कांदा चिरला जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"त्यांनी बोलावलंय का पण?" शांतवनरावांनी विचारलं.

"येळवशीला बोलावणं लागतच न्हाई. तेच तर पाहिजे आपल्याला!"

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूरकडची गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा मांडतात, ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी आणि ज्वारीची आंबील खातात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. शेतात आलेला माणूस उपाशी परत गेला तर वर्षभराची बरकत जाते म्हणतात. हे सगळं शिवानीनंच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. आपल्या सासूच्या डोक्यात त्याचं काय होणार आहे, हे बिचारीला कुठं ठाऊक होतं!

"मान न मान, मैं तेरा मेहमान," शांतवनराव पुटपुटले आणि मटणाचं पातेलं स्वतःच्या हातानं माळ्यावर चढवून आले. चढवताना त्यांनी ते एकदा पुसलंही.

मग घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. नवी भांडी आली. केकमधून अंडं गेलं. डोनटमधूनही गेलं. त्यांच्या घरी नाताळच्या फराळात करंज्या-शंकरपाळ्यांच्या मांडीला मांडी लावून डोनट बसतो, आणि आजीच्या वेळेपासून तो यीस्ट घालून फुगवतात. मटार पुलाव ठरला. एवढ्यावर थांबतील तर त्या सुवार्ताबाई कसल्या? व्याह्याच्या शेतात व्याह्याच्याच चवीचं काहीतरी आपल्या हातचं न्यायचं, म्हणून त्यांनी आंबील करायची ठरवली.

चोवीस तारखेला सकाळी शिवानीनं शिकवल्याबरहुकूम ज्वारीचं पीठ ताकात कालवलं, शिजवलं, लसूण-मीठ घालून कळशीत ओतलं. "आता हिला हात लावायचा न्हाई, आई. आपोआप आंबती," शिवानीनं बजावलं. पण थंडी अशी पडली होती की संध्याकाळी बघावं तर आंबील जशीच्या तशी, गोडीगुलाबीनं बसलेली. आणि शेजारच्या परातीत डोनटचं पीठ कपड्याखाली टम्म फुगलेलं! सुवार्ताबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एक चमचा यीस्ट कळशीत टाकलं. यीस्टला साखर लागते म्हणून मूठभर साखरही टाकली. कुणाला सांगितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण ही म्हण माणसाला नेहमी दुसऱ्याच्या बाबतीतच आठवते.

नाताळच्या दिवशी चर्चमधली सकाळची भक्ती आटोपून नऊ वाजता गाडी निघाली. इमान्वेल चालवायला, शेजारी शिवानी, मागे नवरा-बायको आणि चहूकडून डबे. कळशी हिंदकळू नये म्हणून सुवार्ताबाईंनी झाकणाला दवाखान्यातली रुंद चिकटपट्टी चांगली सात वेढे मारली होती. ती कळशी शांतवनरावांच्या मांडीवर होती.

शिवानीला अजून धीर नव्हता. "आई, अप्पा बोलले न्हाईत तर?"

"न बोलू देत. जेवायला तर वाढतील."

"अन् आपल्या हातचं खाल्लं न्हाई तर?"

सुवार्ताबाईंनी तिच्या हातात करंजी ठेवली.

उदगीर मागे पडलं आणि गंमत सुरू झाली. रस्ते ओस, दुकानं बंद, आणि शेतं मात्र माणसांनी फुललेली. एका वळणावर दोन धट्टेकट्टे गडी आडवेच आले. "उतरा, उतरा! जेवल्याबगर जाऊ देणार न्हाई!" इमान्वेलनं "आम्हाला पुढं जेवायचंय" म्हणून पाहिलं, तर त्यांनी गाडीची किल्लीच काढून घेतली. चौघांनी बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी खाल्ली. तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्या शेतात तर शांतवनराव कुणी न अडवताच उतरले. मटणाचं नाव त्यांनी काढलं नाही, उलट भज्जीत हरभऱ्याबरोबर तूर किती घालायची याची चौकशी करून आले.

"अगं," गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "ही कळशी फुसफुसून राहिली."

"पोट तुमचं फुसफुसतंय. चार उंडे खाल्ले तुम्ही!"

"बग तर, गरम बी लागून राहिली."

सुवार्ताबाईंनी कान लावला, आणि त्यांना कालचं यीस्ट आठवलं. पण आता बोलून उपयोग नव्हता. पर्समधली चिकटपट्टी काढून त्यांनी गुपचूप आणखी तीन वेढे मारले.

अप्पांचं शेत आलं तेव्हा दीड वाजला होता. उभ्या ज्वारीच्या कडेला कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, बाहेर घोंगडीवर अप्पा बसलेले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती. लेक-जावई बांधावरून येताना दिसले आणि त्यांचा चेहरा तव्यासारखा झाला. गंगम्मा मात्र पळत आली, लेकीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि तिथंच रडायला लागली. रडता रडताच विहिणीचा हात धरून "बसा माय, बसा" म्हणत होती.

अप्पांची मोठी पंचाईत झाली. येळवशीच्या दिवशी आलेल्याला जा म्हणता येईना आणि या म्हणायला जीभ वळेना. अखेर ते ज्वारीकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "पाव्हण्यांना वाढ."

चौघांचं पोट गळ्यापर्यंत आलेलं. पण गंगम्मा वाढत गेली आणि चौघं खात गेले. भज्जी, उंडे, आंबट भात, तिळाची पोळी, गव्हाची खीर. इमान्वेलनं बिचाऱ्यानं कंबरेचा पट्टा दोनदा सैल केला. अप्पा मात्र पाठमोरेच. शेवटी सुवार्ताबाई उठल्या. त्यांनी डबे उघडले, केक कापला, करंज्या आणि डोनट एका ताटात मांडले आणि ते ताट नेऊन अप्पांपुढं ठेवलं.

"अप्पा, आज आमचा सण हाय. सगळं बिनअंड्याचं, नव्या भांड्यातलं. एक घास खा."

अप्पांनी ताटाकडे पाहिलं नाही. "माझं झालंय," ते म्हणाले.

शिवानीनं मान खाली घातली. सुवार्ताबाईंचा जीव तुटला. आपण हिला एवढ्या लांब अपमान करून घ्यायला आणलं, असं त्यांना वाटलं. काहीतरी करायचं म्हणून त्या कळशीकडे गेल्या. "आंबील तरी घ्या, लेकीनं शिकवलेली हाय," म्हणत त्यांनी पट्टीचं टोक ओढलं.

पुढचं त्यांना ओढावं लागलंच नाही. ठो करून आवाज झाला. झाकण उडून खोपीवर गेलं आणि कळशीतून पांढरा फेस फसफसत वर आला, काठावरून ओसंडला, घोंगडीच्या बाजूनं वाट काढत निघाला. शांतवनराव "हालेलुया" ओरडले. गंगम्मा "शिवशिवा" म्हणाली. इमान्वेल बायकोला घेऊन मागे सरला. आणि मडिवाळप्पा, जे दोन वर्षं लेकीसमोर आणि दोन तास व्याह्यांसमोर ताठ बसले होते, ते धोतर सावरत ताडकन उठले.

"उतू गेलं! उगवतीकडं उतू गेलं!"

त्या मुलखात येळवशीला संध्याकाळी शेतात नव्या मडक्यात दूध उतू घालतात. ज्या दिशेला जाईल त्या दिशेला पीकपाणी चांगलं, आणि उगवतीला गेलं तर मग विचारायलाच नको. आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावत आली. जो तो म्हणायला लागला, भर दुपारी, बिनआगीचं उतू गेलं, अप्पा नशीबवान! अप्पांनी वाटी मागितली. उतू गेलेल्या भांड्यातलं घरच्या मालकानं आधी प्यायचं असतं.

गंगम्मानं वाटी भरून दिली. अप्पांनी ती ओठाजवळ नेली, आणि सुवार्ताबाईंना राहवेना. व्याही पितोय, सुनेचं भलं होतंय, गप्प बसावं की नाही माणसानं? पण सकाळीच चर्चमध्ये गुडघे टेकून आलेली बाई. येशूच्या वाढदिवशी खोटं कसं पचवणार?

"अप्पा, थांबा! हे काही देवाचं न्हाई. मी त्यात यीस्ट टाकलं. फुगायचं पीठ, डोनटचं. साखर बी टाकली. माझीच चूक हाय."

शिवानीनं डोळे मिटून घेतले.

अप्पांनी वाटी खाली आणली नाही. एका दमात प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बाई, साठ वर्सं झाली मी आंबील पितोय. मला वासावरनंच कळलं हुतं की."

"मग तुम्ही उतू गेलं म्हणून ओरडलात ते?"

"काय तरी निमित्त लागतंय की वो." अप्पा मोठ्यानं खाकरले. "दोन वर्सं हुडकून ऱ्हायलो. घावतच नव्हतं."

मग ते वळले. ज्वारीकडे नाही, पांडवांकडे नाही, सरळ लेकीकडे. रिकामी वाटी त्यांनी तिच्यापुढं धरली.

"वाढ की माय, उभी काय ऱ्हायलीस?"

शिवानीनं कळशी उचलली. आंबील वाटीत कमी आणि अप्पांच्या पांढऱ्या धोतरावर जास्त सांडली. अप्पा म्हणाले, "आनखी."