शनीच्या मागे

चाळीस वर्षं लोकांची बंद घड्याळं चालू करणाऱ्या माणसाने स्वतःचा डोळा बंद पडल्याचं परस्पर ठरवून टाकावं, आणि बायकोला विचारूही नये, हे आक्काला मुळीच पटलं नव्हतं. त्या घरात तिला न विचारता दूधसुद्धा उतू जात नसे.

तिचे यजमान घड्याळजी. डावा डोळा काचबिंदूने कधीच नेलेला. उजव्यात रोज सकाळ-संध्याकाळ एक थेंब. थेंब चुकवाल तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हापासून घड्याळजींच्या मनाने एकच घेतलं होतं: शनीचं कडं एकदा बघायचं. लोक शनी मागे लागू नये म्हणून जपतात आणि हा माणूस शनीच्या मागे लागलाय, असं आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण लेकीने दुर्बीण पाठवली तेव्हा खोक्यावरची चिकटपट्टी तिनेच आपल्या शिवणकामाच्या कात्रीने कापली. त्या कात्रीने कापडाशिवाय काही कापायची कुणाची टाप नव्हती.

खोक्यात लांब नळी, तिच्यावर बसवलेली आत फुली असलेली छोटी दुर्बीण, तिपाई, आणि डोळा लावायची तीन भिंगं. आयपीस म्हणतात त्यांना. एकावर पंचवीस, एकावर दहा, एकावर चार असा आकडा. सगळ्यात इवलीशी काच चाराची. घड्याळजींनी बरोबर तीच उचलली. त्यांच्या धंद्यात जिन्नस जितका बारीक तितकं भिंग कडक. शनी तर केवढा लांब, मग सगळ्यात कडकच हवं! गच्चीवर अर्धा तास ते नळी फिरवत राहिले. नुसता काळोख. एकदा काहीतरी थरथरतं, धुरकट सरकलं आणि गेलं.

ते खाली आले. आक्का औषधाची बाटली घेऊन पुढे झाली, तर म्हणाले, "राहू दे. कशाला वाया घालवतेस? डोळा गेला."

"गेला म्हणजे? पायी गेला की गाडीने?"

ते हसले नाहीत. तेव्हा मात्र आक्काने बाटलीचं बूच परत लावलं.

तीन दिवस झाले, थेंब नाही. चौथ्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत पाठ करून आडवे झाल्यावर तिने लेकीला फोन लावला.

"आई, दिवसाउजेडी एखादी लांबची वस्तू बघ आधी. मोठ्या नळीत जे दिसेल तेच वरच्या छोट्या दुर्बिणीच्या फुलीवर आलं पाहिजे. आणि सूर्याकडे चुकूनसुद्धा नको हं!"

"सूर्याशी माझं काही भांडण नाही," आक्का म्हणाली आणि जिना चढली.

समोर लांबवर पाण्याची टाकी. एवढी अजस्र, आंधळ्यालाही सापडावी. तिने नळी तिकडे वळवून डोळा लावला. आत नुसता मळकट करडा रंग. टाकी नाही, जिना नाही, काही नाही. चष्मा न लावता सुई ओवणारी बाई ती. तिचा डोळा तर गेला नव्हता ना! तिने चाराचं भिंग उपसून पंचवीसचं बसवलं, बाजूचं चाक फिरवलं, आणि टाकी लख्ख समोर आली. जिना आला, कठडा आला, कठड्यावर चोच घासणारा कावळाही आला.

आक्का तिथेच पालथ्या बादलीवर बसली.

म्हणजे दोऱ्यासारखंच की हे! आकडा मोठा तसा दोरा बारीक. इथे आकडा मोठा तशी वस्तू बारीक, पण पसारा मोठा दिसणार. आणि हा शहाणा माणूस सबंध ठाण उलगडायच्या आधीच एक टाका शोधत बसला होता. आधी कापड पसरावं, मग टाका धरावा. हे तिच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी कळतं.

छोट्या दुर्बिणीत टाकी डोक्यावर उभी दिसत होती, पण आयुष्यभर कपडे उलट्या बाजूने शिवलेल्या बाईला त्याचं काय! तिने स्क्रू पिळून पिळून टाकीचं टोक फुलीवर आणलं.

दिवेलागणीला ती घड्याळजींच्या उशाशी उभी राहिली. "उठा. दिवसा मला नळीतून टाकीवरचा कावळा दिसला. वर चला."

"कशाला? अंधार बघायला?"

"मी बोलावतेय म्हणून. एवढं कारण आजवर पुरत आलंय."

टाकीच्या वर, लेकीने शनीची खूण म्हणून सांगितलेला, पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका लागला होता. तिने तो फुलीवर धरला. पंचवीसच्या भिंगात लांबट दाणा दिसला. तो मधोमध आणून तिने दहाचं भिंग घातलं, चाक जरासं फिरवलं, आणि तिच्या तोंडून 'अगं बाई' निघता निघता राहिलं. तिने ओठ दाबून धरले. काही सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ते 'हो हो' म्हणाले असते.

"बघा."

ते वाकले. डोळा भिंगाला लावला.

"अहो, काय दिसतंय?"

"कडं आहे," ते हळूच म्हणाले. "टोपीला काठ असतो ना, तसं."

आक्काला आनंद होईना. शनीला कडं असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. शिवण शिकत असताना तिने शिवलेला, एक बाही तोकडी असलेला सदरा 'मस्त बसलाय' म्हणत हा माणूस वर्षभर अंगात घालत होता. बायकोचं मन राखायला तो न दिसणारं कडंसुद्धा बघेल.

"आणि हा ठिपका कसला गं, बाजूला? मनगटी घड्याळातल्या बारीक स्क्रूएवढा?"

"कुठला ठिपका?"

"हा काय! कड्यापासून थोडा लांब. आणि सगळं मिळून एका बाजूला सरकतंय. म्हणजे पृथ्वी फिरतेय, कळलं का? हे घड्याळ एकदम बरोबर चाललंय!"

आक्काने त्यांना जवळजवळ ढकललंच. शनी काठाला गेला होता, तो तिने मध्ये आणला. कडं होतं. ठिपका नव्हता. तिने श्वास रोखला, डोळा मिटला, पुन्हा लावला. मग, अगदी चवड्यांवर उठून कुणी भिंतीआडून डोकावावं तसा, तो दिसला. इवलासा. त्यांनी म्हटलं होतं तिथेच.

"दिसला?"

"मला आधी नव्हता दिसला," ती म्हणाली. आपल्या तोंडून असं काही बाहेर पडलंय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग लगेच सावरून, "मेला चंद्रबिंद्र असेल त्याचा. सरका, आता तुम्ही बघा."

ते बघत राहिले. ठिपका सरकला की ती नळी हलवून परत आणून देई. पुरेसं झालं तेव्हा ते स्वतःच मागे झाले, पालथ्या बादलीवर बसले आणि मान वर केली.

"बाटली आणलीयस ना?"

पदराच्या गाठीत होतीच. तिने त्यांची पापणी बोटाने खाली ओढली.

"हलू नका. तीन दिवसांचं व्याज म्हणून एकदम तीन घालायला मी काही सावकार नाही. एकच घालते. उद्या सकाळी पुन्हा."

"उद्या संध्याकाळी टाकीवरचा कावळा दाखव."

"तो काय तुमच्यासाठी बसून राहणारेय का?" म्हणत तिने थेंब सोडला, आणि गालावर ओघळलेलं पाणी पदराने टिपलं. औषध तर एकच थेंब होतं. टिपावं मात्र बरंच लागलं.