राफिलेच्या दुकानाशी डावीकडे

पहिली सूचना: स्टेशनबाहेर जो स्वतःहून टॅक्सी विचारत येईल, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

ही मादालेनाने फोनवर दोनदा सांगितली. नात, स्वेन्या, हॅम्बुर्गहून पहिल्यांदाच एकटी नेपल्सला येत होती. भेट हे निमित्त. मादालेनाच्या मुलाने, चिरोने, लेकीला पाहणीला धाडलं होतं: आजीला एकटीला जमतंय, की उचलून हॅम्बुर्गच्या वृद्धाश्रमात न्यायची?

मादालेना त्याला दर रविवारी ठणकावून सांगायची, "मी रोज खाली उतरते. मासळी स्वतः निवडते."

चौथ्या मजल्यावरून ती तीन वर्षांत उतरली नव्हती. गुडघे.

पुढची सूचना: रस्ता ओलांडताना थांबायचं नाही. स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि चालत राहायचं. तू थांबलीस की तो गोंधळतो.

"आणि घराचा पत्ता, आजी?"

"पत्ता कशाला? तोलेदो रस्त्यावरून वर चढ. राफिलेच्या मासळीच्या दुकानाशी डावीकडे. तिसरं दार. बेल चालत नाही, हाक मार."

मधलीच एक सूचना: जेवण झाल्यावर दुधाची कॉफी मागू नकोस. कुणी काही म्हणत नाही, पण बघतात.

दुपारी फोन आला.

"आजी, इथे मासळी नाहीये. मोबाइलची कव्हरं विकतायत."

मादालेनाची मासळी खालच्या मजल्यावरची तितिना टोपलीतून वर पाठवायची. कुठून आणते, हे कधी विचारलंच नव्हतं.

"आज बंद असेल गं," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"हे म्हणतात, दोन वर्षं झाली."

मग फोनमध्ये कव्हरवाल्याचा आवाज: "कुणाकडे जायचंय? मादालेना मावशी? मग बरोबर आलात, ताई. राफिलेशी डावीकडे! आम्हीसुद्धा असंच सांगतो." आणि लगेच गल्लीत आरोळी उठली, एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत: "मावशी, नात आली! रंग जर्मन आहे, नाक तुमचंच!"

मादालेनाने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. आत चावी.

स्वेन्या धापा टाकत वर आली. आजीला घट्ट मिठी मारली, आणि मग म्हणाली, "तू खाली जातच नाहीस."

"नाही."

मादालेना सूप वाढत होती. खालून तितिना ओरडली, "ए मादाले, टोपली सोड, पाव आलाय! आणि पोरीला जास्त मीठ घालू नकोस, तुझी सवय आहे ती!"

"आणि सकाळी टोपली खाली आलीच नाही तर?" स्वेन्याने विचारलं.

"तितिना चढून येते. शिव्या घालत. मागच्या हिवाळ्यात ताप होता तेव्हा डॉक्टरलाही ओढत आणलं तिने."

जेवण अर्धं टाकून स्वेन्याने बापाला फोन लावला. मादालेनाने चमचा खाली ठेवला.

"बाबा, आजी तीन वर्षं उतरलेली नाही. हो, खोटंच सांगत होती. नाही, आणायची नाही. का म्हणजे? तुझ्या त्या वृद्धाश्रमात दार उघडलं नाही, तर शिव्या घालत कोण येणार आहे? ... तूच ये इकडे. स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याकडे बघू नकोस."

खालून पुन्हा हाक आली. स्वेन्याने उठून टोपली खाली सोडली आणि पाव आत पडताच ती दोरी ओढायला लागली.

शेवटची सूचना मादालेनाने जागेवरूनच दिली: "सावकाश. दुसऱ्या मजल्यावरच्याची चादर वाळत असते. अडकली तर तो तासभर भांडतो."