नोंदणीकृत श्रोता

कंट्री म्युझिक ऐकते मी, आणि रेडिओवाल्यांचा फोन येतो आमच्या ह्यांना! आता बोला.

इथे आखातात आमच्या एका इंग्रजी स्टेशनवर दुपारी तासभर कंट्रीची गाणी लागतात. मजीद नावाचा मुलगा कार्यक्रम करतो. लेकीला, नूपुरला, अबू हमूरच्या शाळेतून आणायला निघाले की मी तो लावते. माझी मैत्रीण गौरी म्हणते, "अलका, नाशिकच्या बाईला ही अमेरिकन घोडेवाल्यांची गाणी कशाला गं?" अगं, पण त्या गाण्यांत गोष्ट असते! कुणी घर सोडलं, कुणाची आई गेली, कोण कुणाची वाट बघत बसलंय. मावशीकडे दुपारी जाऊन बसावं तशी सगळी खबर मिळते. एरवी व्हिला, मॉल, परत व्हिला, ह्यात जीव नुसता सैरभैर होतो. त्या तासात जरा थाऱ्यावर येतो.

तक्रारी नाहीत असं नाही. हल्ली त्याच त्या पोरांची गाणी: ट्रक, बिअर, परत ट्रक. बायकांचं गाणं लागलंच तर एखादं, ताटातल्या चटणीएवढं. जुनी गाणी तर खलासच. हे सगळं मला कुणाला तरी सांगायचं होतं. म्हणून मजीदने श्रोत्यांच्या सर्व्हेची घोषणा केली तेव्हा मी गाडीतच टाळी वाजवली. लोकांना आवडत नसेल तर कार्यक्रम बंद करणार, असंही तो पुढे म्हणाला.

घरी येऊन ह्यांना, म्हणजे गुरुप्रसादांना, सांगितलं की नाव नोंदवायचंय. ह्यांनी मोबाइल घेतला आणि स्वतःचंच नाव, स्वतःचाच नंबर टाकून मोकळे! वीज ह्यांच्या नावावर, इंटरनेट ह्यांच्या नावावर, मी स्वतः ह्यांच्या व्हिसावर. हात आपोआप तसाच चालतो.

"अहो, ऐकते मी ना?"

"काय फरक पडतो? घर एकच आहे."

फोन आला शुक्रवारी सकाळी, मुऐदरच्या बाजारात भाजी आणायला निघालो होतो तेव्हा. गाडी हे चालवत होते, मागे नूपुर कानात इअरफोन घालून बसलेली. गाडीच्या स्पीकरवर जैतून नावाची मुलगी गोड आवाजात हिंदीत म्हणाली, सर, गाण्यांचे तुकडे ऐकवते, पाचपैकी गुण द्या.

पहिलाच तुकडा माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्याचा.

"तीन," हे म्हणाले.

"अहो, पाच म्हणा!"

"पाच कोण देतं गं? तीन म्हणजे चांगलंच की."

"मॅडम, प्लीज," जैतून म्हणाली. "फक्त सरांचं मत हवंय."

सरांचं मत! सर गाडीत बसले की बातम्या लावतात. पुढे तीन, तीन, मग अडीच. अर्धा गुण चालत नाही म्हटल्यावर दोन. गरम जिलबी खाऊन 'वाईट नाही' म्हणणारा हा माणूस. ती तारीफ असते हे मला कळतं, त्यांच्या कॉम्प्युटरला कसं कळणार? मी सीटबेल्ट नुसता ओढत होते आणि सोडत होते.

शेवटी तिने विचारलं, "सर, हा कार्यक्रम बंद झाला तर तुम्हाला किती चुकल्यासारखं वाटेल?"

हे सिग्नलला थांबले होते. जरा विचार केला आणि सहज म्हणाले, "काही नाही. होईल सवय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाशिक सोडताना मी रडले, तेव्हा हेच ऐकलं होतं. शाळेतली नोकरी सोडली तेव्हाही हेच. गेल्या महिन्यात ह्यांनी इथलं काँट्रॅक्ट वाढवून घेतलं आणि मला सांगितलं कधी, तर वरणभात कालवताना.

"जैतून, थांब!" मी ओरडलेच. "ऐकते मी! बायकांची गाणी वाढवा, जुनी लावा. आणि बंद केलंत तर मला नाही होणार सवय!"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, उत्तरं पुढे गेली. एका घरातून एकच मत घेतात. सॉरी." फोन बंद.

"एवढं मनात होतं तर आधी बोलायचं नाही का?" हे म्हणाले.

"विचारलं कुणी?"

मागच्याने हॉर्न वाजवला. ह्यांनी गाडी पुढे काढली. "बरं बाई, चुकलं. आता विचारतो. काय हवंय तुला? घरी मोठा स्पीकर आणू?"

माझी बहीण चैत्राली कधीपासून फोन करतेय, तिची बालवाडी वाढलीय, ये शिकवायला. मी तिला 'बघू, इन्शाल्ला' म्हणून टाळत होते.

"मला नाशिकला जायचंय," माझ्या तोंडातून निघालं. "चैत्रालीच्या बालवाडीत. जूनपासून."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

नूपुरने इअरफोन काढले. "आई, आर यू सिरियस?"

"हो," म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच कळलं की खरंच जायचंय.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच.

"अलका, मला नाही गं जमणार तुझ्याशिवाय."

इतक्या वर्षांत असं काही पहिल्यांदा ऐकत होते. मला रडूच फुटलं. ओढणीने डोळे पुसले, आणि तिथेच बसून चैत्रालीला फोन लावला.

"येतेय मी," म्हटलं.