बेसनापल्याडचा रंग

ऑक्टोबरचं ऊन, मधाळ, मऊमऊ, पाण्यात उभ्या सायप्रसच्या बुंध्यांवरून उतरलं, फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या राखाडी जटांत अडकलं, आणि लुइझियानातल्या त्या संथ, श्यामल ओढ्यावर सांडलं. काठावर गावाची केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांची, खाद्यजत्रा! अकॉर्डियनचे सूर, लसणाचा धूर, लालभडक झिंग्यांच्या राशी, आणि चाळीस चुली, चाळीस ज्वाळा, चाळीस काळीभोर बिडाची भांडी.

शेवटच्या चुलीशी शाल्मली. साताऱ्याची शाल्मली, घामेजल्या कपाळाची, ओढणी कमरेला खोचलेली.

भांडं तिचं नव्हतं. शेजारच्या थेरिओ आजोबांच्या बायकोचं, ओदीलचं होतं. तीस वर्षं या जत्रेत गंबो, म्हणजे तिथला दाट, तिखट रस्सा, ओदीलनंच रांधला, आणि या वसंतात ती गेली. आजोबांचे हात आता थरथरतात, डाव धरवत नाही. "तिची चूल रिकामी बघवायची नाही," एवढंच म्हणाले, आणि ही पटकन म्हणाली, "मी करते." म्हणाली खरी!

गंबोचा पाया म्हणजे तेलात भाजलेलं पीठ. ढवळ, ढवळ, ढवळ. हात थांबला की संपलं. एक काळा ठिपका उठला की सगळं फेकायचं, आणि बाराच्या घंटेला परीक्षक चुलीशी, दुसऱ्यांदा भाजायला वेळच नाही!

पीठ मोगऱ्यासारखं होतं. मग साईसारखं. मग बदामी, सोनसळी, खमंग, असं खमंग की शाल्मलीच्या हातानं भांडं आपसूक उतरवलं. लाडवाचं बेसन इथंच तर उतरवतात. आईचा हात इथं थांबलेला, आजीचा हात इथं थांबलेला.

आजोबांनी मान हलवली. "नाही. लेकरू आहे ते अजून."

पुन्हा आच. पुन्हा ढवळ. विटकरी. तांबूस. दालचिनी.

"आई, जळतंय," दहा वर्षांची ओवी कुजबुजली.

"जळतंय काय, जळालं!" नवरा, नचिकेत, घड्याळावर डोळे लावून. "अगं, उतरव! त्या बाईच्या तीस वर्षांवर पाणी पाडशील!"

"तू कांदा चिर गप."

"चिरला केव्हाच. रडूनसुद्धा झालं."

कुणी हसलं नाही. पावणेअकरा. रंग गडद, गडदतर, मृगाच्या मातीसारखा, ओल्या खैरासारखा. वास करपण्याच्या उंबऱ्यावर एक पाय टाकून उभा. नाक म्हणत होतं थांब, मनगट म्हणत होतं थांब, सगळं माहेर कानाशी ओरडत होतं थांब! तिनं आजोबांकडे पाहिलं. ते भांड्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या.

ती ढवळत राहिली.

आणि मग तो सुरकुतलेला, कंपित हात तिच्या हातावर आला. कंप तिच्या मनगटात उतरला, डावात उतरला, त्या तप्त, ताम्रकृष्ण लाटेत उतरला.

"आत्ता."

"ओवी, कांदा! नचिकेत, मिरच्या!" आणि चर्रर्रर्र! एक ठिपका नाही, एक डाग नाही, नुसता काळसर, तकतकीत मखमली रंग, आणि त्यातून उसळलेली शुभ्र, सुगंधी, ओलीचिंब वाफ.

वाफ वर गेली. जटांतून गेली, उन्हातून गेली, श्यामल पाण्यावरून पलीकडे गेली. आणि आजोबा मान उंचावून बघत राहिले, वर, अजून वर, गाडी वळणाआड जाईपर्यंत कुणी फाटकात उभं राहावं, तसे.