ब्लोअरशेजारची जागा

आमच्या मामंजींचा स्वतःच्या तळहातावर फार विश्वास. हैदराबादेत काटेदानला असलेल्या आमच्या मिरची गिरणीत शिरले की ते एकेका मशीनवर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "एकदम ठीक!" सासरे म्हणून प्रतापराव मला आवडतात, पण त्यांच्या त्या डोळे मिटण्याचा मला मनापासून राग येतो. मशीनची थरथर हाताला कळेपर्यंत दुखणं फार पुढे गेलेलं असतं.

मोठमोठ्या कारखान्यांच्या मशीनवर सेन्सर लावायचा, थरथर मोजायची आणि कुठला भाग कधी मान टाकणार ते आधीच सांगायचं, हे माझं काम. बाहेर माझ्या शब्दावर मशीन थांबतात. घरच्या गिरणीत मात्र मी सूनबाई. "आमची सून हौशी आहे, मशीनला डबी चिकटवून बसते," असं मामंजी बेगम बाजारच्या दुकानात गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतात.

एप्रिलमध्ये त्या डबीने तक्रार सुरू केली. मिरचीपूड ओढून घेणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, त्याच्या बेअरिंगच्या कड्याला खड्डा पडला होता. आतली प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक ठोका देत होती, आणि आलेखात तो ठोका दर आठवड्याला वर चढत होता. बेअरिंग फुटलं तर पंखा कवचाला घासणार, ठिणगी उडणार. हवेत तरंगणारी मिरचीपूड पेटायला एक ठिणगी पुरते. आणि ब्लोअरला अगदी खेटून गंगू बसते. नांदेडकडची आहे, तोंडाला पदर बांधून दिवसभर पिशव्यांची तोंडं शिवत असते.

"ब्लोअर बंद ठेवा, मामा. बेअरिंग बदलू," मी म्हणाले.

"आवकायच्या हंगामात?" मामंजी उसळले. "अख्खं हैदराबाद लोणचं घालायला बसलंय अन् तू गिरणी बंद कर म्हणतीस? उगं परेशान नको करू. हंगाम जाऊ दे."

"बेअरिंगला हंगाम कळत नाही."

शिवराज, माझा नवरा, तिथेच होता. वडील आणि बायको यांच्यामध्ये सापडला की त्याला नेमका फोन येतो. आताही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनीच मला बोलावून घेतलं. काम सुरू व्हायचं होतं, गंगू आणि बाकीच्या बायका दाराशी उभ्या होत्या, शिवराजही आला होता. रिकामा ब्लोअर थोडा वेळ फिरवून ते म्हणाले, "मोज आता."

मी मोजलं. ठोका निम्म्यावर आला होता. मामंजींनी ब्लोअर थांबवला आणि सगळ्यांकडे वळून हसले. "बघा! हिचीच डबी हिला खोटं पाडायली!"

मी वाकून पाहिलं. बेअरिंगच्या कडेने ताजं ग्रीस ओघळत होतं.

"ग्रीस भरलंत?"

"मग? त्याला भूक लागली होती, खाऊ घातलं. झालं ना शांत?"

"मामा, दुखऱ्या दाढेत लवंग धरली म्हणून कीड जाते का? ग्रीसने ठोका दबलाय, खड्डा आहे तिथेच आहे. दुपारपर्यंत आकडा पुन्हा चढेल."

"दुपारचं दुपारी बघू. चला गं, बसा कामाला."

गंगू निमूटपणे आपल्या स्टुलाकडे निघाली आणि माझं डोकंच फिरलं. मी भराभर पुढे गेले आणि तिच्या आधी त्या स्टुलावर बसले.

"पिशव्या आज मी शिवते. करा चालू."

"ऊठ तिथून," मामंजी म्हणाले.

"का? सगळं ठीक आहे ना?"

"प्रणिता, चार लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा कसला? गंगू रोज बसते तिथेच तर बसलेय."

मामंजी लालबुंद झाले. "शिवराज, बटन दाब!"

शिवराजने हातातला फोन खिशात टाकला. "मी नाही दाबणार, बाबा," तो म्हणाला. लग्नानंतर त्याचं इतकं ठाम वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तेव्हा मामंजी स्वतःच तरातरा भिंतीपाशी गेले. हिरव्या बटनावर त्यांनी बोट ठेवलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण उठायचं नाही एवढं ठरलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि ते बटनाकडे.

बोट काही दाबेना.

"कसं करू चालू?" शेवटी ते चिडून म्हणाले. "घरची सून बसलीय तिथं!"

आपण काय बोललो ते सगळ्यांच्या नंतर त्यांना कळलं. चेहरा एकदम उतरला.

मी जिंकले होते, पण आनंद झाला नाही. उलट लाज वाटली. मशीन थांबलं होतं ते माझ्या आलेखासाठी नाही, माझ्या विद्येसाठी तर नाहीच नाही. मी घरची होते म्हणून थांबलं होतं. आणि जिच्यासाठी मी भांडत होते ती समोर उभी राहून हे सगळं ऐकत होती.

गंगूने तोंडावरचा पदर सोडला.

"म्हंजे तुमाला ठावं होतं, मालक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाई, उठा तुमी."

मी उठले. ती मात्र स्टुलाकडे आलीच नाही. सरळ भिंतीपाशी जाऊन मामंजींच्या शेजारी उभी राहिली.

"मालक, आज तुमी बसा माझ्या जागी. बटन मी दाबते."

दाराशी उभ्या असलेल्या बायका हळूहळू आत आल्या आणि गंगूच्या मागे उभ्या राहिल्या. एकीनेही कामाला हात लावला नाही.

मामंजींनी एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खिशातून फोन काढला आणि राणीगंजच्या बेअरिंगवाल्याला लावला. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

गंगू बटनापाशीच उभी राहिली. नवं बेअरिंग बसेपर्यंत ती तिथे कुणालाही फिरकू देणार नव्हती, मालकालासुद्धा.